बुंध्यावर बुरशीची कौलं आली म्हणजे आंबा तोडायचाच का?

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. गुहागरकडच्या घराच्या मागच्या अंगाला आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा आहे. छातीच्या उंचीवर घेर २८० सेंटीमीटर. चार वर्षांपूर्वी पडवीच्या कौलांवर आलेली एक जाड खांदी तुम्ही तोडून घेतली. गेल्या पावसात त्या जखमेच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर, कौलांसारखे एकावर एक चार-पाच तपकिरी थर आले, कडा पांढरट. शेजारचे काका म्हणतात, खरवडून डांबर फासा. भाचा म्हणतो, हीच ती रेशी, औषधात जाणारी बुरशी, किलोला हजारो रुपये मिळतात. आईंना धास्ती की पोरं तोडून तोंडात घालतील. आणि लाकूडवाला म्हणतो, झाड आतून गेलंय, फुकट तोडून नेतो.

फुकट नेणाऱ्याचं निदान सगळ्यात शेवटी ऐकायचं, हे आधी सांगून ठेवतो.

तुम्ही विचारलंय की ही बुरशी कोणती आणि काय मारलं की जाईल. त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं: फोटोवरून लाकूड कुजवणाऱ्या गॅनोडर्मा गटातली वाटते, आणि एवढ्या जुन्या झाडाच्या लाकडात मुरलेली बुरशी घालवणारं औषध माझ्या पाहण्यात नाही. पण एवढ्यानं तुमचा घोर मिटणार नाही. तुमची झोप उडालीय ती जूनच्या वाऱ्यात हे झाड पडवीवर येईल का, या विचाराने. हा प्रश्न बुरशीपेक्षा झाडाचा आहे, आणि झाडाखाली काय आहे याचा.

आधी त्या थरांबद्दल. बुंध्यावर जे दिसतं ते बुरशीचं फळ. खरी बुरशी म्हणजे आत लाकडात पसरलेलं पांढऱ्या तंतूंचं जाळं, आणि ते फळ येण्याआधी कित्येक वर्षं तिथे असतं. आंबे उतरवले म्हणून कलम मरत नाही, तसं थर खरवडले म्हणून बुरशी मरत नाही. पुढच्या पावसात तिथेच किंवा वीतभर बाजूला पुन्हा येते. उलट खरवडताना कोयत्याने आजूबाजूची चांगली साल सोलली जाते आणि नवी जखम तयार होते. थर म्हणजे दारावरची पाटी समजा. पाटी काढून टाकली की आत कोण राहतं ते कळायचा मार्ग तेवढा बंद होतो.

एखादा थर मात्र मोडून बघाच. सहज मोडणार नाही, हातोडीचा ठोका लागेल. आतलं अंग बुचासारखं, तपकिरी, तंतुमय. खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी असंख्य भोकं असतात आणि त्या भोकांतून बीजाणू गळतात. ताज्या थराच्या पांढऱ्या पोटावर नख ओढलं की रेघ तपकिरी उमटते. वारा नसलेल्या दिवशी खालच्या अळूच्या पानांवर तपकीर सांडल्यासारखी पूड दिसेल, ती तीच. मोठा थर दिवसाला अब्जावधी बीजाणू सोडतो. त्यामुळे "ही बुरशी बागेत पसरेल म्हणून थर जाळून टाकतो" याला फारसा अर्थ नाही. बीजाणू हवेत सगळीकडे आहेतच. त्यांना हवी असते उघडी जखम, आणि ती चार वर्षांपूर्वी मिळाली.

तुमच्या दुसऱ्या फोटोतले सालीवरचे राखाडी-हिरवट खपले मात्र बुरशीचा रोग नव्हे. ते दगडफूल. मसाल्यात घालतो त्याच कुळातलं. झाडाला काही करत नाही, राहू द्या.

आता झाड आतून सडलंय म्हणजे मेलंय का? इथे बहुतेकांची गफलत होते. मोठ्या खोडाचा मधला गाभा तसाही जिवंत नसतो. झाड जगतं ते सालीच्या आतल्या जिवंत थरावर आणि त्याला लागून असलेल्या बाहेरच्या ताज्या लाकडावर. त्यामुळे ढोली पडलेली चिंच किंवा वड पिढ्यान्‌पिढ्या हिरवागार उभा असतो. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम 'भरून' काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालतं. सडलेला भाग आत कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. ही मांडणी त्यांनी १९७७ मध्ये छापली आणि झाडं तपासणाऱ्यांचं काम तिथून बदललं. बुरशी भिंत फोडायला बघते, झाड नवी भिंत उभारतं. तुमच्या आंब्यात ही शर्यत कुठवर आलीय, एवढंच आपल्याला शोधायचंय.

आंब्याच्या विरुद्ध एक गोष्ट आहे. त्याचं लाकूड टिकाऊ नाही. फणसाचा पिवळा गाभा किंवा साग बुरशीला बराच काळ दाद देत नाही, आंबा लवकर मऊ पडतो. त्यात जखमेतून भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, शिरला असेल तर बुरशीला आयता रस्ता मिळतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडतोय का, भोकातून चीक गळतोय का, तेही पाहून ठेवा.

फळ कुठे आलंय यावर मी सगळ्यात जास्त वजन देतो, कोणत्या जातीचं आहे त्यावर कमी. वाळलेल्या फांदीवर पंख्यासारख्या पातळ पांढऱ्या पाकळ्या, नारिंगी-लाल टिकल्या किंवा रबरी कान आले असतील तर ती बहुधा मेलेलं लाकूड खाणारी मंडळी असतात. फांदी उतरवली की विषय संपला. खोडाच्या मध्यावर, जुन्या जखमेपाशी आले असतील, तर खोड तपासायचं. आणि अगदी बुंध्याशी, मातीला टेकून किंवा मुळांवर आले असतील, तर मी सावध होतो. तेव्हा सडतंय ते झाडाला धरून ठेवणारं मूळ, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

हे मी चूक करून शिकलोय. पुण्यात एका सोसायटीत गुलमोहर तपासायला बोलावलं होतं. बुंध्याशी, पेव्हर ब्लॉकच्या फटीतून, लाखेचं पॉलिश केल्यासारखा एकच लालसर थर डोकावत होता. मी खोडावर ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला, पानं हिरवीगार, फुलंही आली होती. "लक्ष ठेवा" असं लिहून दिलं. सहा आठवड्यांनी, वारा नसताना, नुसत्या पावसात ते झाड मुळासकट आडवं झालं. चार दुचाकी चेपल्या, माणूस सुदैवाने नव्हता. मुळं पाहिली तर मनगटाएवढ्या मुळांचा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा, बोटाने दाबला की पाणी निघत होतं. खोड ठणठणीत होतं, खाली धरायला काही उरलं नव्हतं. ठोकून खोड कळतं, मूळ कळत नाही. तेव्हापासून बुंध्याशी थर दिसला की मी आधी माती उकरतो, मग तोंड उघडतो.

तुमचे थर कमरेच्या उंचीवर आहेत, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. तरी बुंध्याभोवतीचा पाचोळा बाजूला करून मातीलगत अजून कुठे आले नाहीत ना, ते आधी पाहा.

मग ठोकून पाहा. लोखंडी हातोडी नको, कपडे धुण्याच्या धोपटण्यासारखं लाकडी काहीतरी घ्या. मातीपासून सुरुवात करून दर वीतभर उंचीवर खोडाभोवती आठ ठिकाणी ठोका. भरलेला माठ आणि रिकामा माठ यांच्या आवाजातला फरक कान लगेच पकडतो. जिथे आवाज पोकळ येईल तिथे खडूने खूण करा. अर्ध्या तासात खोडावर नकाशा उमटेल. खुणा फक्त जखमेच्या बाजूला आणि हात-दीड हात लांबीत असतील तर एक गोष्ट, चारही बाजूंनी असतील तर दुसरी. जखमेच्या तोंडातून सायकलच्या चाकाची तार घालून किती आत जाते ते मोजा, जोर न लावता.

आता थोडं गणित. घेर २८० म्हणजे त्रिज्या साधारण ४५ सेंटीमीटर. पोकळ खोडाच्या बाबतीत एक ढोबळ नियम वापरतात: चारी बाजूंनी उरलेली चांगली भिंत त्रिज्येच्या तीन दशांशाहून कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो. तुमच्या झाडाला हा आकडा साधारण १३ सेंटीमीटर, साल वगळून. नियमावर वाद आहेत आणि मीही तो डोळे मिटून लावत नाही. कारण तो बंद नळीसारख्या खोडाला लागू पडतो. एका बाजूने ढोली उघडी असेल तर तेवढ्याच जाडीची भिंत कमी ताकदीची ठरते. उलट झाड बुटकं आणि माथा आटोपशीर असेल तर कमी भिंतीवरही तरतं. पण ४५ सेंटीमीटर त्रिज्येच्या खोडात १३ पुरतात, हे ऐकूनच बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो. भिंत नक्की किती उरलीय ते सुईसारख्या ड्रिलने मोजणारं यंत्र असतं, रेझिस्टोग्राफ म्हणतात. ते भाड्याने बोलावणं खर्चिक आहे, आणि ठोकून स्पष्ट कळत असेल तर मी सुचवत नाही.

खोडानंतर मान वर करा. शेंड्याच्या काड्या वाळून उघड्या पडल्यात का? पालवी वाडीतल्या इतर रायवळांसोबत येते का, पानं लहान-पिवळट आहेत का? मोहोरावर भिस्त ठेवू नका. अडचणीतलं झाडही कधीकधी बेफाम मोहोरतं. मग जमिनीकडे या: झाड ज्या बाजूला कललंय तिच्या उलट बाजूला माती उचलली गेलीय का, भेग पडलीय का? जुना कल असेल तर शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसतो आणि त्याची मला फार काळजी वाटत नाही. गेल्या वर्षा-दोन वर्षांत आलेला कल मात्र वेगळा, त्यात थांबायचं नाही.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं, त्यानंतर मी दापोली-मंडणगडच्या वाड्यांतून दोन आठवडे फिरलो. एका वाडीत गडग्यालगतचा धडधाकट आंबा मुळासकट उपटला होता. त्याच्या एका बाजूची मुळं आदल्या वर्षी चर खणताना तोडलेली. त्याच्यापासून तीस पावलांवर ढोलीवाला, आत पोपटांची घरटी असलेला म्हातारा आंबा दोन फांद्या गमावून उभा. घराभोवतीची खणाखणी बुरशीपेक्षा जास्त झाडं पाडते, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालंय. तुमच्याकडे पाइपलाइन, सेप्टिक टँक किंवा जोत्यासाठी झाडाजवळ खणलं असेल तर ते जरूर कळवा. तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि शेवटी, पडलं तर कुठे? पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो. पडवी झाडाच्या ईशान्येला असेल तर ती वाऱ्याच्या रेषेत आली. झाड परसात एकटं असतं आणि खाली फक्त गवत असतं, तर मी म्हटलं असतं, दहा वर्षं काही करू नका, घुबडं राहतील. पण खाली माणसं झोपतात, म्हणून तेच झाड वेगळ्या मापाने मोजावं लागतं.

माझा अंदाज, फोटो आणि तुमचं वर्णन एवढ्यावरून: पोकळी एका बाजूला मर्यादित निघाली आणि बुंधा स्वच्छ असेल तर तोडू नका, भार हलका करा. पडवीकडे झुकलेल्या फांद्यांची टोकं आंबे उतरल्यावर, मोठा पाऊस लागण्याआधी, जाणकार माणसाला दोर बांधून वर चढवून छाटून घ्या. टोकाकडचा थोडा भार काढला तरी वाऱ्याचा जोर बराच उतरतो. पण सरसकट माथा उडवू नका. मोठ्या खोडाचं मुंडकं उडवलं की तिथे नव्या जखमा, आणि पाच वर्षांनी याच तक्रारीचा दुसरा अंक. पोकळ आवाज अर्ध्याहून जास्त घेरात आला, किंवा मातीलगत थर सापडला, तर मी उतरवायलाच सांगेन, तेही वरून तुकड्या-तुकड्याने.

छाटताना एक गोष्ट उभं राहून करून घ्या. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, किंचित फुगीर कड असते. काप त्या कडेच्या लगेच बाहेर हवा. कड कापून खोडालगत सपाट केलंत तर झाडाची भिंत घालायची जागाच गेली. हातभर खुंट ठेवलात तर तो वाळतो आणि बुरशीची शिडी होतो. जाड फांदीला आधी थोडं पुढे खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे ती फाटत खोडाची साल सोलत येत नाही. तुमच्या फोटोतली जुनी जखम नीट पाहिलीत तर खाली सोललेल्या सालीचा लांब पट्टा दिसतोय. थर बरोबर त्या पट्ट्यावर आलेत.

डांबर लावू नका. खाली ओल कोंडते आणि सड झाकली जाते. ताज्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायला हरकत नाही: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, दोन्ही वेगवेगळं प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवून मग एकत्र. किडीला आणि वरवरच्या बुरशीला थोडा अटकाव होतो. चार वर्षं आत मुरलेल्या बुरशीवर तिचा काही उपयोग नाही, एवढं लक्षात असू द्या. ढोलीत सिमेंट भरायची जुनी पद्धतही विसरा. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, आणि दोघांच्या मध्ये पाणी साचतं. बुंध्याशी पाचोळा जाळणं आजपासून बंद.

तोडायची वेळ आलीच तर परस्पर तोडू नका. आंबा आणि फणस दोन्ही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, खाजगी जागेतलं झाड असलं तरी परवानगी लागते. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. लाकूडवाला "मी बघतो" म्हणाला तरी जबाबदारी जमीनमालकाच्या गळ्यात येऊ शकते. आणि त्या झाडापासून जवळ माड असतील तर खुंट आणि मोठी मुळं शक्य तेवढी उपटून काढा. गॅनोडर्मा माडालाही मुळाकडून धरते. तमिळनाडूत त्या रोगाला तंजावर मर म्हणतात. खोडाच्या तळाशी लालसर-तपकिरी द्रव पाझरायला लागतो आणि माडाला आंब्यासारख्या भिंती घालता येत नाहीत.

भाच्याच्या रेशीबद्दल. रेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गॅनोडर्मा ल्युसिडम या जातीचं पहिलं वर्णन १७८१ साली इंग्लंडमधल्या नमुन्यावरून झालं. चीनमध्ये औषध म्हणून जिची लागवड होते तिला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंग्झी असं वेगळं नाव मिळालं. आपल्या आंब्या-गुलमोहरावरच्या जाती आणखी निराळ्या असू शकतात. विकत घेणाऱ्याला एकसारखा, तपासलेला, लागवडीचा माल हवा असतो. बुंध्यावरच्या पाच थरांचे हजारो रुपये कुणी देत नाही. आपल्याकडे फणसाच्या जुन्या खोडावरचं 'फणसआळंबं' घराघरात माहीत होतं, ते फेलिनस गटातलं, लाकडासारखं कठीण. माझी आजी ते सहाणेवर पाण्यात उगाळून लाळ गळणाऱ्या पोरांच्या हिरड्यांना लावायची. ते जपून ठेवलेलं ओळखीचं आळंबं होतं, कुठल्याही झाडावरचा कुठलाही थर नव्हे. म्हणून तुमचा थर कुणाला उगाळून देऊ नका.

आईंना सांगा, हे थर पोरांना चावता यायचे नाहीत, इतके टणक आहेत. भीती आहे ती कुजक्या लाकडावर आणि आसपास उगवणाऱ्या मऊ छत्र्यांची. पावसाळ्यात आपण खातो ती वारुळावरची अळंबी जमिनीतून येते, तिचा देठ खाली मुळासारखा लांब होत वारुळापर्यंत जातो. लाकडावरच्या छत्रीचा तिच्याशी संबंध नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळी होते का, किडे खातात का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. कुणी चुकून खाल्लंच तर लगेच दवाखाना गाठा, उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या. खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते जास्त गंभीर धरतात. मध्ये दिवसभर बरं वाटून मग यकृत बिघडू शकतं, म्हणून "आता बरा आहे" म्हणून घरी ठेवू नका.

खडूचा नकाशा झाला की चारही बाजूंचे फोटो पाठवा, शेजारी फूटपट्टी धरून. पडवी कुठल्या दिशेला आहे, तार किती आत गेली आणि झाडाजवळ शेवटचं कधी खणलं, तेही लिहा. आणि बाकीचे थर सध्या राहू द्या. प्रत्येकाच्या कडेवर आज पेन्सिलीने तारीख टाका. दिवाळीत नवी पांढरी कड तारखेच्या किती पुढे गेलीय, ते मला बघायचंय.